लाल झाडावरचा खोटा मणी

माझ्यामुळे सरांना काय मिळणार होते, ते आधी सांगतो. विभागप्रमुखाचे पद, दोन खिडक्यांची कोपऱ्यातली खोली, आणि जेवताना अक्कल शिकवणाऱ्या मेहुण्याला गप्प बसवण्याची सोय. तिसऱ्या लाभाबद्दल ते कोणाशी बोलत नसत, म्हणजे तोच मोठा असणार.

मित्रांनो, मी एक जुना ओतीव नमुना आहे. आकाराने शेंगदाण्याएवढा. पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या प्राण्यांना शिशुधान म्हणतात. अशीच एक उंदराएवढी मादी म्हातारी होऊन मेली. थेंबभर पाण्यावर दिवस काढणारी तिची जात. तिचे मूत्रपिंड पाणी कसे वाचवते, हे सरांना पाहायचे होते.

उजव्या मूत्रपिंडाचे पातळ काप करून काचपट्ट्यांवर ठेवले. डाव्यातून मी झालो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी धमनीत बारीक नळी घातली, आतले रक्त मिठाच्या पाण्याने धुऊन काढले आणि लाल राळ ढकलली. ती घट्ट झाल्यावर मांस क्षारात विरघळवले. उरलो मी. जिथे रक्त वाहत होते, तिथे राळ. धमनीचे खोड, तिच्या कमानदार फांद्या, फांद्यांच्या टोकांना केशिकांचे गुच्छ, आणि तिथून खोल उतरणाऱ्या सरळ वाहिन्यांच्या जुड्या, झाडूच्या काड्यांसारख्या.

एका जुडीच्या मुळाशी मणी होता. सरांनी तो भिंगातून पाहिला आणि त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला. पाणी वाचवणारी ही नवीच गाठ, असे त्यांनी ठरवून टाकले. शोधनिबंध तयार झाला. शेजारच्या विभागातले लोकही मला बघायला येऊ लागले. मीही जरा फुगलो, खोटे कशाला बोलू.

ताई मात्र माझ्यासमोरून मान खाली घालून जात. राळ ढकलताना दाबाच्या तबकडीवर नजर ठेवायची असते. त्या दिवशी मध्येच आईला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला, नजर हलली, अंगठा जोरात दाबला गेला. एक वाहिनी फुटली आणि राळेचा थेंब बाहेर येऊन गोठला. तोच हा मणी. त्याच महिन्यात ताईंना नोकरीत कायम केल्याचा कागद निघणार होता. बोलावे तर तो अडकणार, न बोलावे तर खोटी गाठ पुस्तकांत जाणार.

आठवडाभर त्यांनी उजव्या मूत्रपिंडाचे काप पुन्हा पुन्हा पाहिले. गाठ एकातही नव्हती. निबंध पाठवायच्या सकाळी त्यांनी काचपट्ट्यांची पेटी सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, ती गाठ नाही. माझ्या अंगठ्याची चूक आहे."

सर एकेक पट्टी बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, हे आज सांगताय?"

"घाबरले होते. आणि तुम्ही इतके खूश होतात, की मलाच वाटायला लागलं, असेल बाई गाठ."

"काप माझ्याच कपाटात होते," सर म्हणाले. "मी कुठे उघडून पाहिले?"

त्यांनी निबंधातून मणी काढला, जुड्या ठेवल्या आणि चूक कशी झाली तेही लिहिले. निबंध खरा झाला आणि अर्धा झाला.

पुढे कितीतरी वर्षे मुले माझ्यावरून वाहिन्या शिकली. मग पडद्यावर फिरणारी चित्रे आली आणि मी एका डबीत बंद होऊन कपाटात गेलो. एकदा एका विद्यार्थ्याने मला चिमटीत उचलले, तीन जुड्या मोडल्या, आणि डबी गुपचूप मागे सरकवली.

मित्रांनो, मला उचलायचे तर डबीसकट उचला. माझ्यात काही नवे दिसले, तर नाचण्याआधी मला घडवणाऱ्या हातांना विचारा. पण खरे सांगायची भीती वाटणार नाही, अशा आवाजात विचारा.

किंमत कोणी मोजली म्हणाल, तर सरांचे पद दुसऱ्याकडे गेले. ताईंचा कागद चौदा महिने अडकला. त्या मादीची तर दोन्ही मूत्रपिंडे गेली, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.