काट्यावर बरोबर

"गाल बघ कसे बसलेत बाबांचे. उपाशी मारतेस तू त्यांना," नणंद डायलिसिसच्या खोलीत चारही पलंगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. बापाला आजच आपल्या घरी न्यायचं ठरवून ती आली होती. त्यांच्या कपड्यांची पिशवीसुद्धा भरून आणली होती.

सून दातओठ खात उभी होती. ताट अर्धं परत येत होतं, हे खरं. ते रोज भरून वाढलं जात होतं, हेही खरं. पण त्याचा एकमेव साक्षीदार भिंतीकडे तोंड करून बसला होता. "तुझ्या हाताला चव नाही," एवढंच सासरे घरी म्हणायचे.

"सांगा ना बाबा, मी जेवायला देत नाही?"

"कुणाचं वाईट कशाला बोलू मी?" सासरे म्हणाले, आणि धाप लागली म्हणून थांबले.

नणंदेला तेवढं पुरलं. "गल्लीभर सांगणार आहे मी, वहिनी."

"भांडण बाहेर जाऊन करा," सिस्टर म्हणाली. "आजोबा, वजन तर नेहमीइतकंच आहे. मग आडवं झालं की दम का लागतो?"

तिनं त्यांचा पायमोजा उतरवला, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग तिनं छोटं यंत्र आणून त्याच्या पट्ट्या मनगटाला आणि घोट्याला चिकटवल्या. अंगात पाणी किती नि मांस किती, हे ते यंत्र वेगवेगळं सांगायचं.

"चार लिटर पाणी जास्त आहे," आकडे बघून सिस्टर म्हणाली. "आणि जवळपास तेवढंच मांस झडलंय. साध्या काट्याला दोन्ही सारखंच, म्हणून कळलं नाही. पाणी मोजूनच प्यायचं सांगितलंय ना? मग हे कुठून पिता?"

सासरे भिंतीकडे बघतच म्हणाले, "बाथरूमच्या नळाला. तहान आवरत नाही. जेवण सोडलं की तेवढं पाणी वजनात बसतं. डॉक्टर म्हणाले वजन सांभाळा. सांभाळलं की नाही?"

ट्रकच्या वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस. त्याच्या आवाजात अजून ऐट होती.

"ओली वाळू आणली तर ट्रक परत पाठवायचात ना?" सून म्हणाली. "मग इथे माझ्या नावाला काळं का फासू दिलंत?"

"नळाचं कळलं असतं तर तू कुलूप लावलं असतंस."

नणंदेनं घसा खाकरला. "तरी पण तुझं लक्ष हवं होतं."

"आता तुमचं असेल, ताई."

"आमची जागा तशी लहान आहे. आणि हे पाण्याचं सगळं… घरी ह्यांना विचारायला हवं." नणंद पिशवीपासून जराशी बाजूला सरकली.

सुनेनं पायानं पिशवी तिच्यापुढे लोटली.

"न्या. गल्लीला मी सांगते, बाबा कुठे गेले ते."