मानेचा कल

गिटारची मान वाकडी बसवायची असती, हे मला वसईला गेल्यावर कळलं. तोवर खोडाळ्याला मी दारं, खिडक्या, बैलगाडीची जुवं, असलीच कामं करायचो. वसईला एका गिटारच्या कारखान्यात लागलो तं बरीच वर्सं एकच काम केलं. एक जण खोकं बनवायचा, एक रंग मारायचा, मी माना बसवायचो. भुसा छातीत बसला, खोकला लागला, तवा घरी आलो.

भाचा धनेश ठाण्याहून हात बांधून आला ते त्याच्यानंतर. नव्व्याण्णव सालची गोष्ट. तिथं कंपनीत प्रेस मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं सापडली व्हती. डॉक्टरनं बोटं वाचवली, पण त्यातला जोर गेला. आधी हा पोरगा तिथल्या वस्तीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, हळदीत, लग्नात. इथं आल्यावर मोखाड्याच्या एका दोस्ताची गिटार मागून आणली. तिच्या तारा उंच. दाबायला गेला का बोट थरथरायचं आन् तार नुसती थप्प करायची. गिटार परत देऊन आला, माझ्या ओट्यावर बसला.

"मामा, तारा एकदम खाली असलेली बनव," म्हणाला. "तिच्यावर पण नाय दाबली तं मी परत गिटारचं नाव काढणार नाय."

पोरगं थट्टेत बोलत नव्हतं.

तारा खाली म्हंजे सगळा खेळ मानेचा. खोक्याच्या पाटीवर घोडी असती, तारा तिच्यावरून मानेकडं जातात. मानेवर एक सरळ पट्टी धरायची आन् तिचं टोक घोडीपर्यंत न्यायचं. टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम चाटून गेलं पाहिजे. खाली राहिलं तं तारा उंच, बोटं सोलतात. वर गेलं तं तारा मानेवरच्या पितळी पडद्यांवर घासतात, घरघर करतात. म्हणून मान जराशी मागं कलवायची. किती जराशी? टाचेला, म्हंजे मान खोक्याला जिथं टेकती तिथं, खालच्या अंगाला एक पातळ साल जास्त काढायची. बस. वरून बघाल तं कळणार पण नाय.

खोकं शिवणीच्या लाकडाचं केलं. वरची पाटी वसईवरून आणलेल्या, माल भरायच्या पेटीच्या लाकडाची, हलकी, ठोकली का बोलायची. मान सागाची. चार वेळा पट्टी लावून बघितली, टाच बरोबर जमली. मंग फेविकॉल संपलेलं ध्यानात आलं. मान आन् खोकं ओट्यावर ठेवलं, जीप धरून मोखाड्याला गेलो. बाजाराचा दिवस, जीपच्या टपावर पण माणसं. यायला दुपार झाली.

येतो तं ओट्यावर फागू बसलेला. फागू म्हंजे धनेशचा बाप, माझी बहीण नवशी, तिचा नवरा. सगळ्या खोडाळ्यात नांगर करावा तं फागूनं. गिटारचं मात्र त्याला कौतुक नव्हतं. पोरगं ठाण्याला वाजवतं हे कळलं तवा म्हणालेला, "तारा खाजवून पोट भरतं व्हय?" पोराची बोटं सापडल्यापासून तेवढं पण बोलत नव्हता. आज माझी पटाशी त्याच्या मांडीवर, आजूबाजूला सागाची बारीक सालं, आन् तोंडावर हसू.

"देवराम," म्हणाला, "तुझी नजर गेली रं. चष्मा घे."

"काय झालं दाजी?"

"तुझ्या मानेची टाच गुण्यात नव्हती, काटकोनात नव्हती. गुण्या लावला तं खालून उजेड दिसत व्हता. सरळ करून ठेवली. पोराची वस्तू हाय, वाकडी कशी देयाची?"

मी फेविकॉलचा डबा खाली ठेवला. मान उचलून टाच बघितली. गुण्या लावला. केस जायला जागा नाय असं काम. कुसवाच्या, म्हंजे खोक्याच्या खाचेत बसती त्या जिभेच्या, दोन्ही अंगाला पटाशी अशी फिरवलेली का मला वसईत कोणाला जमलं नसतं. आन् सगळं चुकीचं. मान खोक्याला लावून पट्टी धरली, टोक घोडीच्या निम्म्यात जाऊन थांबलं.

"दाजी, तुला कोणी सांगलं हात लावायला?"

"कोणी सांगाया कशाला पाहिजे? वाकडं दिसलं, सरळ केलं."

"ते वाकडंच पाहिजे व्हतं!"

माझा आवाज ऐकून शेजारून नवशी आली, मागून धनेश. नवशीनं एकदा सालं बघितली, एकदा नवऱ्याचं तोंड.

"केलास काय तरी," म्हणाली. "घरातली खाट डुगडुगते तिच्याकडं बघाया टाइम नाय, आन् इथं आलास."

फागूला अजून कळत नव्हतं. मी त्याच्यासमोर मान धरली.

"दाजी, नांगराचा फाळ तू सरळ आडवा ठेवतो का?"

"खुळा का काय? जमिनीवरून घसरत जाईल."

"आन् जास्त खाली तोंड केलं तं?"

"बैल मरंल वढून."

"मंग तसाच हिचा पण कल असतो. तो तू काढून टाकलास."

फागूनं मांडीवरची पटाशी खाली ठेवली. धनेशनं वाकून पट्टीचं टोक बघितलं. त्याला सांगायची गरज नव्हती. दुखरा हात काखेत घालून म्हणाला, "जाऊ दे मामा. बापाला काय माहीत."

असं "जाऊ दे" मला आवडत नाय. मी विचार केला. खालून परत साल काढता येईल, पण वरून गेलेली येणार नाय, म्हंजे मान तेवढी आखूड. मान आखूड झाली तं घोडी तेवढी पुढं सरकवायची, नाय तं सूर बिघडतात. घोडी अजून चिकटवलेली नव्हती. पण तिच्या खाली, पाटीच्या आतून, आधाराची फळी बसवलेली व्हती, घोडी त्या फळीवरच पाहिजे. आत हात घालून चाचपलं. एकदा साल काढून घोडी सरकवली तं फळीवर जागा व्हती. दुसऱ्यांदा नव्हती.

मी पेन्सिलनं रेघ मारली आन् पटाशी फागूपुढं धरली.

"घे. तूच सरळ केलीस, तूच वाकडी कर."

"मी नाय. तू कर."

"माझं डोकं तापलंय, पटाशी घसरंल. तुझी नाय घसरायची. आन् रेघेच्या पलीकडं गेलास तं पोराला तूच सांग."

"जलमभर वाकड्याचं सरळ केलं," फागू पुटपुटला, "आता सरळाचं वाकडं." पण घेतली. उकिडवा बसला, टाच गुडघ्यात धरली. साल निघाली ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी. रेघेपर्यंत जायला थोडंच उरलं तिथं मी थांबवलं. मंग टाच आन् खोकं यांच्या मधे पॉलिश पेपर घातला, मी मान दाबून धरायची, फागूनं पेपर खालून वढून काढायचा. वढला का पट्टी लावून बघायची. परत पेपर. टोक घोडीवर चढत गेलं. माथ्याला चाटलं तसा धनेश म्हणाला, "बस बस बस!"

फागू तरी पेपर परत घालाया बघत व्हता. नवशीनं त्याच्या हातातून हिसकावला.

मान चिकटवली, घोडी सरकवून चिकटवली, सुकू दिलं. सगळं वाळल्यावर तारा चढवल्या. धनेशनं गिटार मांडीवर घेतली. आधी मोकळ्या तारा छेडल्या. मंग चांगली बोटं ठेवली. मंग ती दोन. बोट थरथरलं. मी दुसरीकडं बघितलं.

वाजलं. एक तार जराशी घरघरली, बाकी सगळ्या बोलल्या. त्यानं हात काढला, परत ठेवला, परत वाजवलं. तेच तेच वाजवत राहिला. ऑर्केस्ट्रातलं गाणं वगैरे काय नाय, नुसतं दाबायचं आन् सोडायचं. कपाळावर घाम आलेला.

फागू दाराला टेकून बघत व्हता.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"दुखतंय."

"मंग ठेव आता. उद्या वाजव."