मावशीची वळकटी

समुपदेशक मॅडमनी आकडा सांगितला, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा असावा असे मावशीला वाटले. तुरुंगाच्या शिवणखात्यात शिवणारी ती जुनी कैदी. तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. पण पुढे कोणती बाई दंगा करील याचा अंदाज आता संगणक बांधत असे, आणि त्याने काढलेल्या आकड्याने मावशीला धोक्याची ठरवले होते. नव्या नियमाने अशा बायकांना मुलांची भेट काचेआडून मिळणार होती. रविवारी लेक आजीबरोबर यायची होती, आईच्या मांडीवर बसायचे मनाशी ठरवून.

“मी केलं तरी काय, मॅडम?”

“खोल्या फार बदलल्यात तुम्ही. जिचं कुणाशी पटत नाही तिला हलवावं लागतं, आणि पुढे तिच्याच हातून काही घडतं, असा हिशेब आहे.”

मावशीला हसावे की रडावे कळेना. जिथे कुणी अन्न टाकले, कुणी झिंज्या उपटल्या, तिथे पहाऱ्यावरच्या जमादारबाई तिलाच नेऊन ठेवत, भांडण शमवायला. खोली निवली की पुढची खोली.

“हे जमादारबाईंना विचारा ना.”

“विचारलं. पण हलवलं एवढंच संगणकाला कळतं, का हलवलं ते नाही. रविवारपर्यंत एका जागी राहा. मी वर शब्द टाकते.”

दुसऱ्याच दुपारी जमादारबाई शिवणखात्यात येऊन उभ्या राहिल्या. “मावशी, वळकटी बांध. कोपऱ्यातल्या खोलीत नवी पोर आलीय. भिंतीवर डोकं आपटतेय.”

“मावशीच्या पायांना चाकंच लावा,” शेजारच्या मशीनवरची म्हणाली. “ने-आण सोपी होईल.”

“बाई, रविवारपर्यंत नका हलवू मला.”

“मला काय हौस आहे? पण नाही म्हणालीस तर हुकूम मोडल्याची नोंद होईल. तीही तुझ्याच नावावर.”

मावशी कात्रीत सापडली. मग एकदम सुचले. “तिलाच आणा ना माझ्या खोलीत.”

“आणते की,” म्हणत जमादारबाई वळल्या. मावशीने सुटकेचा श्वास घेतला, सुई पुन्हा कापडाला लावली. पण मशीनचे चाक काही फिरेना.

“बाई, मग हलवलं ते तिच्या नावावर पडेल?”

“पडणारच.”

“मूलबाळ आहे तिला?”

“तान्हं आहे. सासूकडे ठेवलंय.”

भिंतीपलीकडून डोके आपटल्याचा दबका आवाज येत होता. मावशी उठली. खोलीत जाऊन तिने सतरंजी गुंडाळली, तिच्यात लेकीसाठी शिवलेला फ्रॉक नीट घडी करून ठेवला आणि नाडी आवळली.

“त्या काचेपाशी स्टूल असतं का हो?” जमादारबाईंच्या मागून चालताना तिने विचारले. “माझी लेक लहान आहे. तिला दिसायची नाही मी.”

जमादारबाईंनी मागे वळून पाहिले नाही. “नसतं,” त्या म्हणाल्या. “मी नेऊन ठेवीन.”