डिंकवालीचा जोड

"डिंकानं कुठं कॉइल जुळतं व्हय गं?" नानासो मिस्त्री अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं बोलला. सगळी हसली. माझं डोस्कंच फिरलं.

कुपवाडला आमच्या वर्कशॉपात दूध थंड करायच्या मशीनची कॉइल बनत्यात. तांब्याच्या पाइपाला अॅल्युमिनियमचा पाइप जोडायचा, आन् मिस्त्री वीस वर्षं त्यो गॅसच्या जाळानं जोडतोय. पातळ अॅल्युमिनियम जळून भोक पडतं, दहातली तीन कॉइल भंगारात जात्यात. मी मालकाला, भरतेशअण्णांना म्हणलं, "दोन ट्यूबा मिसळून लावायचा पक्का गम मिळतोय. जाळच नको."

अण्णा म्हणाले, "मंगल, दोन कॉइल करून दाव. दोन्ही गळली, तर परत पॅकिंगला बसायचं."

पहिलं कॉइल गमनं जोडलं, हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवलं. भसाभसा बुडबुडे!

"घ्या, डिंकवालीनं भजी तळली," मिस्त्री म्हणाला.

रडू आलं, पण रडले न्हाई. पॅकिंगला मी जाणार नव्हते. जोड उपटून बघितला. गम पाइपावरनं सालीगत निघालेला, आन् पाइपावर माझ्याच बोटांचं ठसं. वास घेतला. खोबरेल! सकाळी चप्प तेल लावून वेणी घालायची, आन् दिवसभर तिला हात लावत बसायची माझी खोड. तेलावर काय चिकटणार, कप्पाळ?

दुसऱ्या दिवशी केसांवर फडकं बांधलं. कोपरापर्यंत साबणानं हात धुतलं. दुसऱ्या कॉइलचा पाइप पॉलिशपेपरनं घासला, थिनरनं पुसला, मगच गम लावला. "हात लावंल त्याची गाठ माझ्याशी हाय," म्हणलं आन् एक दिवस तसाच वाळू दिला.

टाकीत बुडवलं. अण्णा वाकून बघत होते. एक बुडबुडा न्हाई.

"पाण्यात काय, कुणीबी टिकतंय," म्हणत मिस्त्रीनं कॉइल उचललं, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आन् पान्ह्यानं पाइप पिळाय लागला.

"आवं मिस्त्री, सोडा की!" मी वरडले. त्यो ऐकतोय व्हय? दात खाऊन त्यानं आणखी जोर लावला.

कचकन आवाज झाला. अॅल्युमिनियमचा पाइप फाटला, पण जोडापासनं चार बोटं लांब. जोड हाय तिथंच.

आता कुणी हसलं न्हाई. मिस्त्रीनं जोडावरनं अंगठा फिरवला. मग पान्हा ठेवून नळावर गेला, माझा साबण उचलला आन् बाह्या मागं सारल्या.

"सांग गं," त्यो म्हणाला, "कोपरापर्यंतच धुवायचं न्हवं?"