न लागलेलं बंदर

“जहाज दिसतंय ना तुम्हाला?” मी विचारलं.

“दिसतंय की,” कारकून म्हणाला.

“मग?”

“मग काय. दिसणं वेगळं, लागणं वेगळं.”

जहाज कंपनीच्या इथल्या एजंटचं ऑफिस म्हणजे धक्क्याच्या फाटकाला लागून असलेली एक खोली. काचेवर आतून चिकटपट्ट्या मारलेल्या होत्या आणि वाऱ्याचा झोत आला की ती काच थरथरायची. तिच्यातून, लाटा अडवणाऱ्या बांधाच्या पलीकडे, बाबांचं जहाज दिसत होतं. एखादी अख्खी सोसायटी उचलून पाण्यात ठेवावी तसं. सकाळपासून ते तिथेच उभं होतं. आता त्याचं तोंड हळूहळू समुद्राकडे वळायला लागलं होतं.

“वळतंय ते,” मामा म्हणाला. त्याची छत्री फाटकापाशीच उलटी झाली होती आणि तो तिच्या काड्या सरळ करत बसला होता.

“पायलट चढलाच नाही ना,” कारकून म्हणाला. “इथला पायलट होडीतून जातो, शिडीने जहाजावर चढतो, आणि मग तो जहाज आत आणतो. आज दोनदा जाऊन परत आला. शिडीला हात पोचेना. बंदर बंद केलंय.”

“एक माणूस उतरवायचाय फक्त. त्याच होडीत घेता आलं नसतं?”

“अहो, चढता येईना तिथे उतरणार कसं? उडी मारणार का तुमचे बाबा?” मग त्याचं बोलणं त्यालाच ऐकू आलं असावं. तो खुर्चीतून उठला. “माफ करा. कशासाठी ते मला माहितीये. पहाटे निरोप आला होता त्यांचा. बसा तुम्ही, चहा सांगतो.”

आई आदल्या दिवशी दुपारी गेली होती. हॉस्पिटलच्या तळघरातल्या थंड खोलीत तिला ठेवलं होतं, कारण बाबांचं जहाज दुसऱ्याच सकाळी इथे लागणार होतं. नशीब बघा, नेमकं उद्याच, असं सगळे म्हणाले. बाबा उतरतील, तिचं तोंड बघतील, मग पुढचं. एवढंच हवं होतं.

“आता कुठे जाणार ते?” मामाने विचारलं.

“पुढच्या बंदराला. उद्या सकाळी. तिथे उतरून बस धरली तर संध्याकाळपर्यंत येतील.” कारकुनाने खिडकीबाहेर पाहिलं. “तिथे तरी लागायला पाहिजे.”

बाबा त्या जहाजाच्या लाँड्रीत होते. जहाजावर त्यांना सगळे ‘स्टार्च’ म्हणायचे. लाँड्री पाण्याच्या पातळीखाली असते, तिला खिडकी नसते. बंदर आलं हे तिथे कळतं ते इंजिनाचा आवाज बदलला की. प्रवाशांसाठी बंदर म्हणजे हिंडायचा दिवस, लाँड्रीसाठी तो सगळ्यात वाईट दिवस. केबिनी रिकाम्या होतात आणि सगळ्या चादरी एकदम खाली येतात. त्यामुळे जगातली कितीतरी बंदरं बाबांनी केली आणि त्यातलं एकही पाहिलं नाही. फक्त इथे, घर इथे असल्यामुळे, त्यांना जेवणानंतर चार वाजेपर्यंत सुट्टी मिळायची.

तीही हवा बरी असली तर. आमच्या घरात हवामान हा एक नातेवाईक होता. तापट, कधीही येणारा, कुणाचं न ऐकणारा. बाबा यायच्या दिवशी आई सकाळी उठून आधी गॅलरीत जायची आणि खालच्या मजल्यावरच्या दोरीवरचे कपडे कसे हलतायत ते बघायची. जहाजाचा दोर धक्क्याला बांधला गेल्याचा फोन येईपर्यंत ती पलंगावरची चादर बदलायची नाही. आधी बदलली की जहाज हमखास लागत नाही, असा तिचा हिशोब होता. एकदा मी आगाऊपणा करून बदलली आणि खरंच वारा सुटला. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मग स्वतःच हसली. “तुझा काय दोष. माझी सवतच खारट,” म्हणाली.

तिची नोकरी शाळेच्या ऑफिसात होती. बाबा येणार म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, आणि जहाज लागलं नाही की रजा मागे घेऊन परत कामाला बसायची. शिपाई विचारायचा, “काय बाई, आज पण?” ती म्हणायची, “आज पण.”

धक्क्यावरून आम्ही हॉस्पिटलात गेलो. थंड खोलीचा माणूस वाईट नव्हता, पण त्याला जागेची चिंता होती.

“उद्या संध्याकाळपर्यंत ठेवतो,” तो म्हणाला. “त्यापुढे माझ्या हातात नाही. आमच्याकडे कप्पे मोजकेच.”

“उद्या संध्याकाळी येतायत ते,” मी म्हणाले.

“नक्की?”

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, “अगं, मी काय म्हणतो. भाऊजींना सगळे समजून घेतील. आजच उरकून घेतलं तर...”

“उरकून काय घ्यायचं, मामा? ती काय काम आहे का?”

“तसं नाही म्हणत मी. माझी बहीण आहे ती.”

“मग एक दिवस थांब.”

छत्री मामाने हॉस्पिटलच्या कचरापेटीत टाकली, आणि दोन पावलं जाऊन परत काढून घेतली.

संध्याकाळी बाबांचा फोन लागला. मागे यंत्रांची घरघर होती, मधेमधे आवाज तुटत होता.

“उद्या उतरतो,” ते म्हणाले. “बॅग भरून ठेवलीये. सुपरवायझरने सोडलंय.”

“नक्की ना, बाबा?”

“दोर बांधला की पहिला मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. आधी संगीत वाजलं. मग एक आवाज म्हणाला, खराब हवामानामुळे आपल्या प्रवासक्रमात बदल झाला असल्यास एक दाबा, चुकलेल्या बंदराच्या सहलीचे पैसे परत हवे असल्यास दोन दाबा. जहाजावर काम करणाऱ्या माणसासाठी कुठलाच आकडा नव्हता. मी एक दाबलं.

“आपला केबिन नंबर?” एका मुलीने विचारलं.

“मी प्रवासी नाही. माझे वडील जहाजावर काम करतात. जहाज बंदराला लागलं का, तेवढं सांगा.”

“केबिन नंबरशिवाय मला पुढचं पान उघडत नाही, मॅडम.”

“पान नका उघडू. तुमच्या समोर दिसत असेल ना, लागलं की नाही?”

“मॅडम, आज समुद्रातला दिवस आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे आजचं बंदर रद्द झालंय. त्याऐवजी जहाजावर खास कार्यक्रम ठेवलेत. जादूचे प्रयोग आहेत. झालेल्या गैरसोयीबद्दल—”

मी फोन ठेवला. ती बिचारी समोरचं वाचून दाखवत होती. तिच्यावर ओरडायचं मी टाळलं आणि मग दिवसभर ते ओरडणं घशात घेऊन फिरले. मामाला घेऊन एजंटच्या ऑफिसात गेले तर कारकून म्हणाला, त्या बंदरातही तीच गत, आता जहाज वादळाला वळसा घालून खोल समुद्रात चाललंय. परवा कुठेतरी लागेल.

“कुठेतरी म्हणजे कुठे?”

“ते कॅप्टनलाही परवाच कळेल, ताई. कोणाकोणावर चिडाल? मी सकाळपासून फळवाल्याच्या शिव्या खातोय. सातशे कलिंगडं घेऊन बसलाय तो जहाजासाठी.”

कलिंगडांचं ऐकून मामाला हसू आलं. मग मलाही आलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाबांचा फोन दुपारी आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. या वेळी आवाज स्वच्छ होता. जहाजाच्या वरच्या मजल्यावरून कुठूनतरी बोलत असावेत. मागे कोणीतरी माईकवर लोकांना टाळ्या वाजवायला सांगत होतं.

“थांबू नका,” ते म्हणाले.

“त्या माणसाशी मी बोलते, बाबा. अजून एक दिवस मागून घेते.”

“नको.”

“नको काय? तुम्हाला बघायचं नाही का तिला?”

माईकवाला मोठ्याने हसला.

“बघायचंय,” ते म्हणाले. “पण परवाचंही काही खरं नाही. मी सांगायचं येतो म्हणून, आणि तिने पडून राहायचं तिथे. पुरे झालं आता ते. मामाला सांग, आज करा.”

“आणि मी काय करू?” हे मी मोठ्याने म्हणाले. ऑफिसातला कारकून उठून बाहेर गेला.

“तू आहेस ना तिथे,” बाबा म्हणाले. “तू बघ तिला. माझ्या वाटचं पण.”

त्या संध्याकाळी आम्ही केलं सगळं. वारा होताच. मामा मोठ्याने रडला, मला तेव्हा रडू आलं नाही.

काही दिवसांनी, परतीच्या वाटेवर, जहाज इथे लागलं. हवा इतकी छान होती की बघून चीड यावी. समुद्र इस्त्री फिरवलेल्या कापडासारखा सपाट पडला होता. मी फाटकापाशी उभी होते. टोप्या घातलेले प्रवासी आधी बाहेर आले. एक बाई नवऱ्याला सांगत होती, “दोन बंदरं बुडाली आणि भरपाई काय, तर सरबतावर सूट. मी लिहिणार आहे त्यांना.” “लिही,” नवरा म्हणाला. मला तिला थांबवून काहीतरी बोलायचं होतं.

बाबा बाजूच्या, कामगारांच्या दारातून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. मला म्हणाले, “जेवलीस का?” आणि आम्ही चालत घरी आलो.

घरात ते बसले नाहीत. पलंगापाशी उभे राहिले.

“कुठले कपडे घातले होते तिला?”

“निळे.”

“इस्त्री?”

“मी केली. बाहीला एक सुरकुती राहिली.”

“बाही आधी करायची असते. शेवटी हात थकतो.” थोड्या वेळाने म्हणाले, “चालतं. निळ्यात कळत नाही फारशी.”

मग ते मोरीत हात धुवायला गेले आणि बाहेरच आले नाहीत. मी जाऊन पाहिलं. धुण्याची टोपली त्यांनी पुढे ओढली होती. आईचे कपडे होते त्यात, हॉस्पिटलात जायच्या आधीचे. मी त्यांना हात लावला नव्हता. रोज सकाळी टोपलीचं झाकण उघडायचं, तिथेच थोडं बसायचं आणि परत लावायचं, असं माझं चाललं होतं.

“बाबा, ते नका धुवू.”

“का?”

“तिचा वास आहे त्याला.”

ते बादलीत पाणी सोडत होते. नळ त्यांनी बंद केला.

“मी किती लोकांचे कपडे धुतलेत माहितीये तुला? ज्यांना पाहिलं नाही त्यांचे. वांती केलेले, दारू सांडलेले, काय काय.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “हिचा एक रुमाल धुतला नाही कधी. घरी आलो की म्हणायची, तू हात नको लावू, तिकडे तेच करतोस.”

“पण आत्ताच कशाला? करार संपला की या, मग—”

“करार संपायला दोन महिने आहेत. परत हवा कशी असेल कोणाला माहीत.”

घड्याळात दोन वाजून गेले होते, चारला त्यांना परत जहाजावर जायचं होतं. मला खूप राग आला. त्यांचा, घड्याळाचा, बाहेरच्या त्या चांगल्या उन्हाचा. मी बाजूला सरकले.

त्यांनी नळ सोडला. प्रत्येक कपडा आधी उलटा केला, कॉलर अंगठ्याने घासली, खिसे तपासले. एका खिशात बसचं तिकीट निघालं, ते कोरड्या जागी ठेवलं. घाई केली नाही. सगळं पिळून झाल्यावर टोपलीच्या तळाशी उशीचा अभ्रा उरला. तो त्यांनी उचलला, पाण्यापर्यंत नेला, आणि थांबले.

“हा राहू दे,” म्हणाले. टेबलावर पसरून त्यांनी तो हाताने सारखा केला, कडेला कड लावून चौकोनी घडी घातली आणि माझ्या हातात दिला. “कपाटात ठेव. बाकीच्यांत मिसळू नको.”

गॅलरीतल्या दोरीवर त्यांनी कपडे वाळत घातले, चिमटे लावले, बूट चढवले. “वाळले की लगेच काढ. उन्हात रंग जातो,” असं जिन्यातून सांगून गेले.

मी गॅलरीत उभी राहून त्यांना गल्लीतून जाताना पाहत होते. कपड्यांचं पाणी खाली ठिबकत होतं, थेट खालच्या मजल्यावरच्या दोरीवर. तिथली बाई यावरून आईशी वर्षानुवर्षं भांडायची. ती तणतणत बाहेर आली, मान वर करून तोंड उघडलं, आणि कपडे कोणाचे ते तिला दिसलं.

तिने आपले वाळलेले कपडे एकेक करून दोरीवरून काढले आणि ती आत गेली.