रंग धावतो, त्याचा पुरावा

घोडा धावतो, नळ वाहतो, दुकान चालतं आणि लुगड्याचा रंग जातो, असं आपण म्हणतो. इंग्रजांकडे ही सगळी कामं 'रन' हे एकच क्रियापद करतं. त्याचे अर्थ लावताना थर्झा पॅरामोर या लडलो गावच्या शिक्षिकेची अकरा वर्षं गेली. तयार होत असलेल्या एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी तिच्याकडे देशभरातून चिठ्ठ्या यायच्या. चिठ्ठीवर तो शब्द वापरलेलं छापील वाक्य, पुस्तक, साल आणि पान हे सगळं हवंच, नाहीतर चिठ्ठी केराच्या टोपलीत. काही चिठ्ठ्या ती स्वतःही लिहायची.

सोमवारी संपादक डॉक्टर फेन्विक यांचं पत्र आलं. कपड्याचा रंग 'धावतो', म्हणजे धुताना जातो, या अर्थाचं सर्वांत जुनं वाक्य थर्झाने घरकामाच्या एका जुन्या पुस्तकातून दिलं होतं. लंडनमधल्या प्रतीत पान एकसष्टवर ते नाही. शनिवारपर्यंत पुरावा द्यावा, अन्यथा तुमच्या हातच्या सगळ्या चार हजार चिठ्ठ्या पुन्हा तपासाव्या लागतील.

थर्झाची आई धोबीण होती. 'निळं वेगळं धू, ते पांढऱ्यात धावतं,' हे वाक्य थर्झाने जन्मभर तिच्याच तोंडून ऐकलं होतं. नऊ वर्षांपूर्वी थकल्या डोळ्यांनी आपण आईचंच बोलणं पुस्तकाच्या नावावर खपवलं की काय? आठवून आठवून डोकं शिणलं, पण खात्री होईना. तीन दिवस तिला घास गिळवला नाही.

पुस्तक पाद्री ओल्डेकर यांच्या घरचं होतं आणि ते सहलीला गेले होते. गुरुवारी ते परतले, तेव्हा थर्झा दारातच उभी होती.

"अहो बाई, निदान टोपी तरी काढू द्या," ते म्हणाले.

"टोपी राहू द्या. घरकामाचं ते तपकिरी पुस्तक कुठे आहे?"

पुस्तक खिडकीच्या फटीत दडपलेलं निघालं, वारा येऊ नये म्हणून. थर्झाने पान एकसष्ट काढलं. वाक्य तिथेच होतं, तिने लिहिलं होतं तसंच. मग तिने पहिलं पान पाहिलं. 'दुसरी छपाई, मोठ्या अक्षरांत.' पुस्तकाची पानं वाढली होती, म्हणून लंडनच्या पहिल्या छपाईत हेच वाक्य आधीच्या एखाद्या पानावर असणार, आणि छपाई कोणती ते लिहायला ती विसरली होती. चूक होती, पण लबाडी नव्हती. ती तिथल्याच खुर्चीत मटकन बसली आणि पोटभर रडली. पाद्रीबुवांनी गुपचूप चहा सांगितला.

संपादकांना पत्र टाकून ती घरी आली. आई बटाटे सोलत होती. थर्झाने तिला सगळं सांगितलं.

"एवढ्यासाठी उपाशी राहिलीस होय? मला विचारायचंस. मी सत्तर वर्षं हेच बोलतेय."

"तुझं बोलणं धरत नाहीत, आई. छापलेलंच लागतं."

"मग छापणाऱ्याला कुणी सांगितलं? त्याने कधी कपडे धुतले होते?"

शब्द पुस्तकातून माणसांकडे येतात, असं थर्झा अकरा वर्षं धरून चालली होती. आईचं बोलणं चारचौघांत झाकायची तिला सवय होती. आता तिला त्या सवयीचीच लाज वाटली.

तिने एक कोरी चिठ्ठी घेतली आणि आईसमोर बसली. "बोल बरं, निळ्याचं काय होतं? तू म्हणतेस तसंच सांग."

"आधी जेव," आई म्हणाली.

थर्झा चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.