बुवांचा दगड

शिट्टी वाजली आणि वासुदेवरावांचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला.

"काकाजी, गोट्यावर चढू नका! पाटी दिसून नाई राह्यली का?" रॉक गार्डनचा चौकीदार गुलाब कुंपणापासून ओरडला.

"चढून कोन राह्यलं बापा! मी आमचा गोटा धुंडून राह्यलो."

तळेगावाजवळच्या टेकडीवरचं हे रान जुनं. मोह, आंजन, कडुनिंब एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. चैत्रात मोहाची फुलं टपटपू लागली की त्या झाडाखाली रामनवमीचं कीर्तन व्हायचं. सपाट काळ्या दगडावर चंद्रभानबुवा उभे राहायचे, आणि एक पाऊल मागे, डाव्या अंगाला, झांज घेऊन वासुदेवराव. उभा जन्म त्या एका पावलाच्या अंतरानं गेला. बुवा मागच्या पावसाळ्यात गेले. उद्या त्यांची लेक मीराबाई पहिल्यांदाच कीर्तनाला उभी राहणार होती. "बाबाच्या गोट्यावरच उभी राहीन, काकाजी," एवढंच तिचं मागणं. वासुदेवरावांनी शब्द दिला होता. आणि आज रान झाडायला येऊन बघतात तो दगडच जागेवर नाही!

उतारावर नवं रॉक गार्डन सजलं होतं. रानातलेच दगड, पण कोणाचं कासव झालेलं, कोणाचा बेडूक.

"आवं, हा पाहा बरं," पंचफुलाबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

दगड उभा गाडलेला, पायथ्याला सिमेंट. काळंपांढरं अंग, पिवळी चोच. उभं राहण्याआधी बुवा ज्या खळग्यात बुक्का ठेवायचे, तिथं आता लाल रंगाचा डोळा होता. वासुदेवरावांचं बोट आपसूक त्यात गेलं.

"हे काय व्हय?"

"पेंग्विन. बर्फातलं पाखरू," गुलाब म्हणाला.

"बर्फातलं? मंग छत्री तरी द्या त्याले," पंचफुलाबाई म्हणाल्या, "चैताचं ऊन हाय!"

गुलाब हसला. वासुदेवराव हसले नाहीत. "एक दिवस आडवा करून दे, गुलाब. परवा पुन्हा उभा कर तुह्यं पाखरू."

"सिमेंट हाय जी. अन् उद्या साहेब फीत कापाले येऊन राह्यले. कीर्तन हॉलात घ्या ना, पंखे हाय."

"लाव तुह्या साहेबाले फोन!"

गुलाबनं फोन लावून त्यांच्या हाती दिला. पलीकडून आवाज आला, "कुठला दगड, आजोबा? तिथं सगळे दगडच आहेत."

फोन परत देऊन वासुदेवराव तरातरा रानात चढले. मागून पंचफुलाबाई, धापा टाकत.

मोहाखाली दगडाच्या मापाचा खड्डा होता. फुलांनी अर्धा भरलेला.

"आता मीराले काय सांगसान?"

खिशातली पुडी काढून वासुदेवरावांनी चिमूटभर बुक्का फुलांवर सोडला. चपला दूर काढल्या, पिशवीतली झांज घेतली आणि खड्ड्याच्या एक पाऊल मागे, डाव्या अंगाला उभे राहिले.

"पुढं व्हा ना. जागा तं रिकामीच हाय."

"थे आपली नाई, पंचफुले."

त्यांनी झांजेवर झांज टेकवली. नाद झाडांतून फिरला, विरला. वासुदेवराव नेहमीसारखे थांबले, पुढून आवाज यायची वाट बघत.